उद्यमनगरच्या हिशेबाने फ्रीलान्सिंग : कोल्हापुरात पहिले पैसे देणारे ग्राहक कसे मिळवावेत

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एखाद्या छोट्या मशीन शॉपमध्ये जाऊन मालकाला ‘तुम्ही फ्रीलान्सर आहात का?’ असे विचारले, तर तो हातातले व्हर्निअर बाजूला ठेवून तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहील. वास्तविक तो करतो ते नेमके तेच आहे. त्याचे स्वतःचे उत्पादन नसते; कुणाच्या तरी फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेला भाग, येतो, सोबत ड्रॉइंग येते, तो त्याबरहुकूम टर्निंग-बोअरिंग करून देतो, नगाप्रमाणे किंवा तासाप्रमाणे दर लावतो, चलन आणि बिल पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कारखान्याचा माल मशीनवर चढवतो. याला आपल्याकडे जॉबवर्क म्हणतात. लेखन, भाषांतर, डिझाइन, हिशेब, कॅड ड्रॉइंग, व्हिडिओ संकलन किंवा संकेतस्थळ बांधणी यांपैकी काहीही स्वतंत्रपणे करून देणारा माणूस हा लॅपटॉपवर जॉबवर्क करणारा माणूस असतो, एवढीच फ्रीलान्सिंगची व्याख्या मला पुरेशी वाटते.

व्याख्येवर एवढा भर देण्याचे कारण असे की, कोल्हापुरातली बहुतेक मुले-मुली हा व्यवसाय दूरच्या कुणाच्या तरी व्हिडिओवरून शिकतात, परदेशी संकेतस्थळावर खाते उघडतात, महिना-दोन महिने वाट पाहतात आणि ‘यात काही खरे नाही’ म्हणून पुण्याच्या नोकरीसाठी अर्ज करायला लागतात. त्यांच्या घरापासून दहा किलोमीटरच्या आत मात्र या व्यवसायाचे सगळे नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळले जात असतात. दर कसा काढायचा, आधी नमुना मंजूर करून मग लॉट कसा काढायचा, पर्चेस ऑर्डर हातात आल्याशिवाय माल मशीनवर का चढवायचा नाही, हे उद्यमनगरातल्या कुठल्याही अनुभवी माणसाला माहीत असते. मी गेली काही वर्षे लहान कारखान्यांसाठी कॅटलॉग, कंपनी प्रोफाइल आणि मराठी-इंग्रजी भाषांतराची कामे करतो. त्यातली पहिली दोन वर्षे मी हे नियम मोडण्यात घालवली, त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातला बराच भाग माझ्या चुकांतून आलेला आहे.

काय विकणार, ते एका वाक्यात

‘मी ग्राफिक डिझाइन करतो’ हे वाक्य ऐकून कुणीही काम देत नाही, कारण त्यावरून आपली कोणती अडचण सुटणार हे समोरच्याला कळत नाही. ‘मी कास्टिंग बनवणाऱ्या कारखान्यांचे आठ पानी इंग्रजी कंपनी प्रोफाइल दहा दिवसांत तयार करून देतो’ हे वाक्य मात्र शिरोलीतल्या मालकाला लगेच समजते, कारण मागच्याच आठवड्यात एखाद्या मोठ्या वाहन कंपनीच्या खरेदी विभागाने त्याच्याकडे तसले काही तरी मागितलेले असते आणि त्याच्याजवळ दहा वर्षांपूर्वीची एक धूसर पीडीएफ असते. म्हणून सुरुवातीला कौशल्याचे नाव न सांगता वस्तूचे नाव सांगावे, ती कुणासाठी आहे ते सांगावे आणि किती दिवसांत मिळेल तेही सांगावे.

ही वस्तू कोणती असावी, हे ठरवताना आपल्या भागात पैसा कुठे फिरतो याकडे पाहावे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत येथे फौंड्री आणि मशीन शॉप आहेत. इचलकरंजीत यंत्रमाग आणि कापड आहे. हुपरीत चांदीचे दागिने आहेत. शहरात गुजरी आहे, महाद्वार रोडची दुकाने आहेत, चपलांचे व्यापारी आहेत, गुळाचे अडते आहेत. यांतल्या प्रत्येकाला लिहिण्याची, चित्राची किंवा हिशेबाची काही ना काही गरज असते, फक्त ती ‘फ्रीलान्सर हवा आहे’ अशा शब्दांत बाहेर येत नाही. फौंड्रीला कामगारांसाठी सुरक्षा सूचनांचे फलक मराठीबरोबर हिंदीतही हवे असतात, कारण शॉपवर बाहेरच्या राज्यांतून आलेले कामगार असतात. मशीन शॉपला जुन्या कागदी ड्रॉइंगवरून थ्रीडी मॉडेल हवे असते. चांदीच्या व्यापाऱ्याला चकाकी न मारणारे फोटो हवे असतात, आणि चांदीचा फोटो काढून पाहिलेल्या कुणालाही हे काम किती अवघड आहे ते माहीत असते.

एका धंद्याची माहिती नीट करून घेतली की तुमच्या कामाची किंमत वाढते, ती अशी. गुळाच्या एक किलोच्या पाकिटाचे लेबल कुणीही सुंदर करून देईल. पण त्यावर निव्वळ वजन, किरकोळ विक्रीची कमाल किंमत, पॅकिंग करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि एफएसएसएआय परवाना क्रमांक छापावा लागतो, हे आधीच सांगणारा डिझायनर व्यापाऱ्याचा एक फेरा आणि छपाईचा एक लॉट वाचवतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले आहे आणि त्यात महाराष्ट्रातले चार व कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे येतात. मात्र ‘जीआय’चे चिन्ह वापरण्यासाठी विक्रेत्याची किंवा कारागिराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असावी लागते. ऑनलाइन विक्रीसाठी चपलांची वर्णने लिहून देणाऱ्याने हा प्रश्न आधी विचारला, तर दुकानदाराचा त्याच्यावर विश्वास बसतो. न विचारता ‘जीआय प्रमाणित’ असे ठोकून दिले, तर उद्या अडचण दोघांचीही होते.

नमुना आधी, लॉट नंतर

अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, ही तक्रार खरी असली तरी तिचा उपाय आपल्याच हातात आहे. फौंड्रीतसुद्धा ऑर्डर मिळण्यापूर्वी नमुन्याचे कास्टिंग काढून दाखवावे लागते. तुम्हीही तीन नमुने तयार करावेत. ते काल्पनिक कॉफी शॉपचे लोगो नसावेत. ज्या धंद्याला विकायचे आहे त्याच धंद्याचे असावेत. एखाद्या कारखान्याची इंडियामार्टवरची इंग्रजी माहिती वाचवत नसेल, तर तीच घेऊन नीट लिहून काढावी, आधीचे आणि नंतरचे अशी दोन रूपे शेजारी-शेजारी ठेवावीत आणि कारखान्याचे नाव पुसून टाकावे. परवानगीशिवाय कुणाचे नाव घालून ‘यांचे काम मी केले’ असे भासवणे चुकीचे तर आहेच, शिवाय कोल्हापुरासारख्या गावात ते आठवड्याच्या आत उघडे पडते.

फुकट काम करावे की नाही, यावर लोक बराच वाद घालतात. माझे मत असे की, एकच करावे आणि तेही लेखी मर्यादा घालून करावे : एवढी पाने, एवढे दिवस, एकच दुरुस्ती. त्याचे बिलही द्यावे. पूर्ण रक्कम लिहावी, खाली तेवढीच सवलत दाखवावी आणि देय रक्कम शून्य लिहावी. त्या कागदामुळे पुढच्या कामाचा दर समोरच्याला आधीच कळलेला असतो.

दर : मशीन अवर रेट

नवखा माणूस दर विचारला की ‘तुम्हीच सांगा, द्याल ते’ म्हणतो आणि तिथेच फसतो. मशीन शॉपवाला असे कधीही म्हणत नाही, कारण त्याच्या व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनचा तासाचा खर्च त्याने काढून ठेवलेला असतो : मशीनचा हप्ता, वीज, टूल, ऑपरेटर, जागा आणि वर नफा. आपल्यालाही हेच करायचे आहे.

समजा, सर्व खर्च वजा जाता महिना ३०,००० रुपये घरात यावेत अशी तुमची अपेक्षा आहे. इंटरनेट, वीज, सॉफ्टवेअरचे भाडे, पेट्रोल आणि लॅपटॉपची झीज मिळून ८,००० रुपये धरू. आजारपण, बुडीत आणि कर यांसाठी ४,००० रुपये बाजूला ठेवू. एकूण ४२,००० झाले. महिन्याचे पंचवीस दिवस, रोज सहा तास म्हणजे १५० तास होतात. पण सुरुवातीला यातले निम्मे तास ग्राहक शोधण्यात, भेटींत, कोटेशन लिहिण्यात आणि शिकण्यात जातात. मशीन शॉपमध्ये याला सेटिंगचा वेळ म्हणतात. तो बिलात वेगळा दिसत नाही, पण दरात धरलेला असतो. म्हणजे विकता येणारे तास ७५ आणि तासाचा दर ५६० रुपये. एखाद्या बारा पानी कॅटलॉगला तीस तास लागणार असतील, तर त्याची किंमत १६,८०० रुपये येते.

हा आकडा ग्राहकाला तासांत सांगू नये. आपल्याकडचा मालक ‘तासाला ५६०?’ असे म्हणून स्वतःच्या ऑपरेटरच्या पगाराशी तुलना करतो आणि बोलणी तिथेच बिघडतात. त्याला पूर्ण कामाची एक रक्कम सांगावी. तासाचा हिशेब आपल्या वहीत ठेवावा आणि काम संपल्यावर खरोखर किती तास लागले ते त्यापुढे लिहावे. माझ्या पहिल्या कॅटलॉगला मी तीस तास धरले होते आणि लागले सत्तर, कारण प्रत्येक फोटो मालकाच्या तीन भावांनी स्वतंत्रपणे पसंत करायचा होता. दुसऱ्या कोटेशनमध्ये ‘मंजुरी एकाच व्यक्तीकडून’ ही ओळ आली ती तेव्हापासून.

पहिले ग्राहक कुठे असतात

एक वही घ्या आणि तुम्हाला ओळखणाऱ्या, पण नातेवाईक नसलेल्या तीस माणसांची नावे लिहा. शाळेतला मित्र वडिलांच्या मशीन शॉपमध्ये बसत असेल, कॉलेजमधली मैत्रीण सनदी लेखापालाकडे आर्टिकलशिप करत असेल, तालमीतला कुणी हार्डवेअरच्या दुकानात असेल, गल्लीतल्या मंडळाचा खजिनदार बँकेत असेल. हे तीस जण तुमचे ग्राहक नाहीत, त्यांच्या पलीकडे ग्राहक आहेत. त्यांना ‘काम असेल तर सांग’ असे मोघम न म्हणता वर सांगितलेले एक वाक्य सांगावे आणि ‘असे काम कुणाला लागत असेल?’ एवढेच विचारावे. माणसाला स्वतःचा खिसा आठवला की तो सावध होतो, दुसऱ्याची अडचण आठवली की मदतीला येतो.

यांतही दोन प्रकारची माणसे विशेष मोलाची आहेत. पहिला छपाईवाला. प्रिंटिंग प्रेसमध्ये रोज असे लोक येतात, ज्यांना माहितीपत्रक छापायचे असते पण मजकूर नसतो, किंवा मजकूर असतो पण त्यातल्या शुद्धलेखनाकडे पाहवत नाही. प्रेसवाल्याला हे काम नको असते आणि गिऱ्हाईकही सोडायचे नसते. त्याला ठरावीक दराने वेळेत काम करून देणारा माणूस मिळाला, तर तो महिन्याला दोन-तीन कामे सहज पाठवतो. त्याचा ग्राहक त्याच्या डोक्यावरून परस्पर पळवू नये, हा अलिखित नियम मात्र काटेकोरपणे पाळावा. दुसरा सनदी लेखापाल किंवा कर सल्लागार. कुठला कारखाना वाढतो आहे, कुणी निर्यात सुरू केली आहे, कुणाला कर्जासाठी प्रकल्प अहवाल हवा आहे, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळते.

यानंतर प्रत्यक्ष भेटी. वसाहतीत सकाळी दहाच्या आधी आणि महिनाअखेरीस जाऊ नये; डिस्पॅचच्या गडबडीत मालक कुणाशीही बोलत नाही. दुपारी साडेतीन-चारच्या चहाची वेळ उत्तम. गेटवर वॉचमनला ‘मालकांना भेटायचंय’ म्हटले की तो परत पाठवतो, म्हणून आधी संदेश पाठवून वेळ घ्यावी. मी वापरतो त्या संदेशाचा मसुदा असा असतो :

‘नमस्कार साहेब. मी राजारामपुरीत राहतो आणि कास्टिंग व मशीनिंग करणाऱ्या कारखान्यांची इंग्रजी कंपनी प्रोफाइल तयार करतो. आपल्या संकेतस्थळावर मशीनची यादी जुनी दिसते आणि नवीन व्हीएमसीचा उल्लेख नाही. त्या एका पानाचा सुधारित नमुना सोबत जोडला आहे. आपल्याला योग्य वाटल्यास या आठवड्यात पंधरा मिनिटांसाठी येऊन भेटू का?’

या संदेशात स्वतःची स्तुती नाही, आपण त्यांचे पान खरोखर वाचल्याचा पुरावा आहे आणि मागणी फक्त पंधरा मिनिटांची आहे. एकच संदेश पन्नास जणांना पाठवला तर तो ओळखू येतो. माझ्या पहिल्या खेपेला तीस जणांशी बोलून सहा भेटी झाल्या आणि दोन कामे मिळाली, त्यांतले एक चार महिन्यांनी. उत्तर आले नाही तर पाच-सहा दिवसांनी एकदा आणि पंधरा दिवसांनी शेवटचे विचारावे. त्यापुढे विचारणे हा त्रास होतो. कारखानदारांच्या स्थानिक संघटनांचे कार्यक्रम आणि मेरी वेदर मैदानावर भरणारी कृषी प्रदर्शनेही उपयोगी पडतात. मात्र प्रदर्शनात स्टॉलवाल्याचा वेळ त्याच्या ग्राहकांसाठी असतो, म्हणून तिथे माहितीपत्रके गोळा करावीत, कुणाचे पत्रक सर्वांत वाईट आहे ते घरी येऊन पाहावे आणि संपर्क पुढच्या आठवड्यात करावा.

दुकानदारांसाठी सुरुवातीची एक सोपी वस्तू म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल. ती उघडायला पैसे पडत नाहीत, पण अंबाबाईच्या दर्शनाला परगावाहून आलेला माणूस चप्पल किंवा साज कुठे घ्यावा हे फोनवरच शोधतो, आणि आपल्याकडच्या कितीतरी दुकानांची वेळ, फोटो आणि सुट्टीचा वार तिथे चुकीचा असतो. हे नीट करून दर महिन्याला अद्ययावत ठेवण्याचे छोटे, नियमित काम मिळू शकते. खोटे अभिप्राय लिहून देण्याची मागणी आली तर ती नाकारावी. गूगल असे अभिप्राय काढून टाकते आणि प्रोफाइलही बंद करू शकते.

परदेशी मंच वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. फायव्हरसारख्या ठिकाणी विक्रेत्याच्या कमाईतले २० टक्के मंच कापून घेतो, अपवर्कवर प्रस्ताव पाठवण्यासाठी ‘कनेक्ट्स’ नावाची टोकन खर्च होतात, आणि तुमची स्पर्धा साऱ्या जगाशी असते. ज्यांचे काम जागेशी बांधलेले नाही, म्हणजे प्रोग्रॅमिंग, संकलन, थ्रीडी मॉडेलिंग, त्यांनी तिकडे जरूर जावे. फक्त स्थानिक दोन-तीन कामे पूर्ण झाल्यावर जावे, म्हणजे दाखवायला खरे काम असते.

एक सावधानतेची गोष्ट इथेच सांगतो. काम देण्यापूर्वी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘सुरक्षा ठेव’ मागणारा ग्राहक हा ग्राहक नसतो. घरबसल्या टायपिंगचे काम देऊन, नंतर ‘अचूकता कमी भरली’ म्हणून वकिलाच्या नावाने दंडाची नोटीस पाठवणारे टोळके तर जुनेच आहे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा; उशीर जितका कमी, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

‘आपलाच पोरगा आहेस’

ओळखीने दार उघडते, पण कोल्हापुरात तीच ओळख बिल मागताना आडवी येते. चहा येतो, घरची विचारपूस होते, वडिलांची आठवण निघते आणि शेवटी काका म्हणतात, ‘आपलाच पोरगा आहेस की, एवढं टाक करून. पैशाचं बघू नंतर.’ इथे रागावून उठण्याचे कारण नाही आणि गप्प बसण्याचेही नाही. मी आता असे उत्तर देतो : ‘काका, करतो की. पण घरच्यासारखं करायचं तर नीटच करायला पाहिजे. आज संध्याकाळी एका पानावर काय काय करायचं आणि किती होईल ते लिहून पाठवतो. तुम्ही होय म्हटलात की उद्यापासून बसतो.’ सवलत द्यावीशी वाटली तर ती त्या कागदावर आकड्यात दाखवावी. जो माणूस कागद पाहून गप्प होतो, तो काम झाल्यावरही गप्पच राहिला असता, हे लक्षात घेतले की वाईट वाटत नाही.

कागद

माझा सर्वांत मोठा तोटा एका कॅटलॉगमध्ये झाला. तोंडी ठरले, मी काम केले, अंतिम फाइल दिली, छपाई झाली, प्रदर्शनात वाटपही झाले. आणि पैशाची गोष्ट काढल्यावर ‘आम्हाला एवढी पाने नको होती’ असे ऐकावे लागले. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याप्रमाणे तोंडी करारही करार असतो, हे मला नंतर कळले. पण काय ठरले होते ते सिद्ध करायला माझ्याकडे एक ओळही नव्हती.

तेव्हापासून कोटेशन एकाच पानाचे, पण संपूर्ण असते. काम काय आणि किती, यात काय येत नाही (छायाचित्रण, छपाई, भाषांतर), माहिती ग्राहकाने कधीपर्यंत द्यायची, दुरुस्तीच्या फेऱ्या किती आणि त्यापुढच्या फेरीचे शुल्क किती, मंजुरी कोण देणार, रक्कम किती आणि ती कधी द्यायची. मी ५० टक्के सुरुवातीला, ३० टक्के पहिला मसुदा मंजूर झाल्यावर आणि २० टक्के अंतिम फाइल देण्यापूर्वी घेतो. मसुद्यावर जलचिन्ह असते. कंपनी पर्चेस ऑर्डर देत असेल तर उत्तम, नाही तर ईमेलवर ‘मंजूर’ एवढा शब्दही चालतो. व्हॉट्सअॅपवर ठरलेली गोष्ट त्याच दिवशी ईमेलने परत लिहून पाठवण्याची सवय लावून घ्यावी.

हक्कांबद्दलही एक ओळ असू द्यावी. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार स्वतंत्रपणे लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक सामान्यतः लेखक असतो, तर मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राच्या बाबतीत, वेगळे काही ठरलेले नसेल तर, सांगणाऱ्याची मालकी धरली जाते. हक्क हस्तांतरण लेखी असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे समजली जाते. म्हणून ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क ग्राहकाकडे कायमस्वरूपी जातील, काम नमुना म्हणून दाखवण्याची परवानगी राहील’ असे लिहावे. कारखान्याचे ड्रॉइंग मात्र नमुना म्हणून कधीही दाखवू नये. ते त्याच्या ग्राहकाची मालमत्ता असते.

नोंदणी आणि कर, आवश्यक तेवढे

पॅन आणि स्वतंत्र बँक खाते पहिल्या दिवसापासून असावे. घरखर्च आणि धंदा एकाच खात्यात असला की मार्चमध्ये डोके धरून बसावे लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद, सरकारी संकेतस्थळावर आधारच्या साहाय्याने विनामूल्य होते. त्यासाठी पैसे घेणारी दिखाऊ संकेतस्थळे अनेक आहेत, त्यांपासून दूर राहावे. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यास व्यवसाय कर भरावा लागतो, तो वर्षाला २,५०० रुपये आहे. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेल्यावर बंधनकारक होते आणि सेवांच्या बाबतीत ही सवलत निपाणी-बेळगावच्या, म्हणजे परराज्यातल्या ग्राहकालाही लागू आहे. नोंदणी नसताना बिलात जीएसटी आकारता येत नाही. ‘जीएसटी नंबर नाही तर काम नाही’ असे सांगणारे लेखा विभाग भेटतात; त्यांना हा नियम शांतपणे सांगावा.

कंपन्या व्यावसायिक सेवांच्या बिलातून साधारणपणे १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापतात. एका ग्राहकाकडून वर्षभरात मिळणारी रक्कम ज्या मर्यादेपुढे गेल्यावर ही कपात होते, ती मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३०,००० वरून ५०,००० रुपये झाली आहे. ६०,००० च्या बिलाचे ५४,००० खात्यात आले म्हणून भांडायला जाऊ नये. उरलेले ६,००० तुमच्या पॅनवर जमा असतात आणि विवरणपत्र भरल्यावर देय करातून वजा होतात किंवा परत मिळतात. अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला, माहिती तंत्रज्ञान, अंतर्गत सजावट अशा ठरावीक व्यवसायांना एकूण जमा रकमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याची सोय आहे, जी १९६१ च्या कायद्यात कलम ४४एडीए म्हणून ओळखली जात होती. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा सल्लागाराला क्रमांकाऐवजी विषय सांगून विचारावे आणि आपला व्यवसाय त्या यादीत बसतो का, याची खात्री करून घ्यावी.

पैसे अडकल्यावर

उद्यम नोंदणीचा खरा उपयोग इथे आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास त्यात ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय या मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही, ती प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळते, अशी आयकरातली तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली. ही तरतूद लेखापालांना तोंडपाठ आहे. म्हणून नोंदणी काम सुरू होण्यापूर्वीच करावी आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. मार्च महिन्यात त्या एका ओळीने जे होते, ते दहा फोन करून होत नाही.

तरीही पहिले पाऊल सौम्यच असावे. बिलाची तारीख टळल्यावर तिसऱ्या दिवशी मालकाला नव्हे, तर हिशेब पाहणाऱ्या माणसाला फोन करावा, कारण अनेकदा बिल कुणाच्या तरी टेबलावर सहीसाठी पडलेले असते. ‘बिल क्रमांक अमुक, तारीख अमुक, रक्कम अमुक, पेमेंट कोणत्या तारखेला धरू?’ असा तारखेचा प्रश्न विचारावा आणि मिळालेली तारीख ईमेलने कळवून ठेवावी. दोन तारखा हुकल्या की पुढचे काम थांबवावे. त्यानंतर लेखी नोटीस आणि शेवटी सरकारी पोर्टलवरून सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे अर्ज, हा मार्ग उपलब्ध आहे. वेळ लागतो, पण अर्ज केल्याचे कळल्यावर तडजोडीचे फोन येऊ लागतात.

पैसे आल्याच्या दिवशी

रक्कम खात्यात जमा झाली की त्याच दिवशी पावती पाठवावी आणि त्याच संदेशात दोन गोष्टी मागाव्यात : कामाबद्दल दोन ओळींचा अभिप्राय, नाव वापरण्याच्या परवानगीसह, आणि असेच काम लागू शकेल अशा एका ओळखीच्या माणसाचे नाव. काम सुरू असताना हे मागितले तर दबाव वाटतो, सहा महिन्यांनी मागितले तर विसर पडलेला असतो. माझा तिसरा, चौथा आणि सातवा ग्राहक पहिल्याच ग्राहकाच्या शेजारच्या प्लॉटमधून आले. मूळ फाइल्स वर्ष आणि बिल क्रमांकाप्रमाणे जपून ठेवाव्यात, कारण साधारण वर्षभराने त्या कारखान्यात नवीन मशीन येते, आणि मग दुपारी चारच्या सुमारास फोन वाजतो : ‘ते मागचं प्रोफाइल आहे ना, त्यात एक पान वाढवायचंय.’ त्या एका पानाचेही कोटेशन पाठवावे.